खंडणीला उत्तर दुसऱ्या प्रतीचे

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचे आरमार अरबी समुद्रात उतरले आणि त्यांनी ‘कार्ताज’ नावाचा परवाना सुरू केला. ज्या समुद्रावर इथल्या व्यापाऱ्यांची गलबते पिढ्यान् पिढ्या ये-जा करीत होती, त्याच समुद्रावर फिरण्यासाठी त्यांना पैसे मोजून हा परवाना घ्यावा लागे. तो नसेल तर जहाज मालासकट जप्त होई. ज्याच्यापासून भय, त्याच्याचकडून अभय विकत घेण्याचा हा व्यवहार होता. आज तो नव्या रूपात आपल्या घरातील टेबलापर्यंत, संगणकाच्या पडद्यापर्यंत येऊन ठेपला आहे. घर आपले, चीजवस्तू आपली. परंतु कुलूप परक्याचे, आणि किल्लीची किंमतही त्यानेच ठरवायची! जगभर याला ‘रॅन्समवेअर’ म्हणतात. आपल्या भाषेत खंडणी हा शब्द पुरेसा बोलका आहे.

संगणकावरील दरोडे ही बँकांची आणि बड्या कंपन्यांची डोकेदुखी, आपल्यासारख्या सामान्य माणसाकडून कोण काय नेणार, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे. कारण हा दरोडेखोर काही न नेताही आपला कार्यभाग साधू शकतो. तो फायली जागच्या जागी ठेवतो. फक्त त्यांतील मजकूर अशा सांकेतिक रूपात बदलून टाकतो की, धन्यालाच तो वाचता येऊ नये. परदेशी असलेल्या मुलाने पाठविलेली नातवंडांची छायाचित्रे, दिवंगत वडिलांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, एक-चौदाच्या उताऱ्याची आणि पोर्तुगीज काळातील दस्तऐवजांची टिपून ठेवलेली चित्रे, देवस्थानच्या महाजनांची यादी, दुकानाचा वर्षभराचा हिशेब, या गोष्टींना बाजारात कवडीचे मोल नसेल. पण तुमच्या लेखी त्या अमोल आहेत, आणि नेमक्या याच गोष्टीवर या खंडणीखोराचा धंदा चालतो.

हा प्रकार आजचा नव्हे. १९८९ च्या डिसेंबरात एड्स रोगाविषयी माहिती देण्याच्या मिषाने सुमारे वीस हजार फ्लॉपी तबकड्या टपालाने अनेक देशांत पाठविण्यात आल्या. ती तबकडी वापरल्यावर संगणक ठरावीक वेळा सुरू झाला की फायलींची नावे सांकेतिक होत आणि पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठविण्याची आज्ञा पडद्यावर उमटे. ते कुलूप कच्चे होते. जाणकारांनी ते लवकरच उघडले. आजचे कुलूप तसे नाही. त्याला दोन किल्ल्या असतात. एक केवळ बंद करणारी, ती तुमच्या संगणकावर येते. दुसरी उघडणारी, ती गुन्हेगारापाशी राहते. म्हणूनच अँटिव्हायरसने चोर हुसकावून लावला, तरी त्याने घातलेले कुलूप तसेच राहते.

हा चोर घरात शिरतो कसा? पुष्कळदा आपणच त्याला दार उघडतो. अनोळखी ई-मेलसोबत आलेले ‘बिल’ वा ‘कुरिअरची पावती’ उत्सुकतेपोटी उघडली जाते. त्याहून मोठे दार म्हणजे फुकटेपणा. विकत घ्यावयाचे सॉफ्टवेअर चोरून वापरण्यासाठी जे ‘क्रॅक’ मिळतात, त्यांच्या पोटातून ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखली जाणारी खंडणीखोर प्रणाली असंख्य घरगुती संगणकांत शिरली. तिची मागणी असे ९८० डॉलरची; बहात्तर तासांत पैसे भरल्यास निम्मी सूट! चोराने चतुर्थीच्या बाजारातील सवलतीची भाषा बोलावी, हा निर्लज्जपणाचा कळस होय. परंतु चार-पाच हजारांचे सॉफ्टवेअर फुकट पदरात पाडून घेण्याच्या मोहातून ही वेळ येते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दुसरे दार आळसाचे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची प्रणाली जगभर पसरली आणि दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक तिने जायबंदी केले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या छिद्रातून ती आत शिरली ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेली होती. ‘अपडेट करा’ ही सूचना पडद्यावर आली की ‘नंतर’ म्हणणारे आपण सर्वच जण या उदाहरणापासून काही शिकलो तर बरे. ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरातील संगणक अजून तिच्यावर चालत असेल, तर नव्या प्रणालीकडे वळण्याचा अथवा वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांच्या योजनेत नाव नोंदविण्याचा विचार आता लांबणीवर टाकू नये.

मग खंडणी द्यावी काय? ज्याचे आयुष्यभराचे संचित कुलूपबंद झाले आहे, त्याला उपदेश करणे सोपे असते, याची आम्हांला जाणीव आहे. तरीही आमचे उत्तर नकाराचेच आहे. चोराचा शब्द हा शब्द नव्हे. ‘वॉनाक्राय’मध्ये पैसे कोणी भरले हे ओळखण्याची धड सोयच नव्हती, त्यामुळे पैसे भरणाऱ्यांनाही फायली मिळण्याची शाश्वती नव्हती. आणि किल्ली मिळाली तरी त्या पैशातून पुढच्या घरावरील दरोड्याची तयारी होते. खंडणीने खंडणीखोर शांत होत नाही, तो सोकावतो. हा धडा इतिहासाने आपल्याला पुरेशा वेळा दिला आहे.

संकट कोसळलेच, तर प्रथम संगणकाचे वायफाय बंद करावे, तार काढावी आणि जोडलेली डिस्क वा पेन ड्राइव्ह लगेच वेगळी करावी, म्हणजे लागण घरातील इतर यंत्रांना होणार नाही. पडद्यावरील धमकीचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर अथवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. लाजून गप्प बसू नये. महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत. कुलूपबंद फायली मात्र फेकून देऊ नयेत. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तेथे अनेक प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. वर उल्लेखिलेल्या ‘स्टॉप’च्याही सुमारे दीडशे प्रकारांसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये अशी सोय झाली, सर्वांच्या नव्हे, पण कित्येकांच्या फायली त्यामुळे परत आल्या. आज न उघडणारे कुलूप उद्या उघडू शकते.

परंतु खरा उपाय संकटापूर्वीचा आहे, आणि तो एकच आहे : दुसरी प्रत. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, तरी गाथा राहिली. भाविक तिला तरलेली म्हणतात. काहींच्या मते ती लोकांच्या मुखी होती म्हणून वाचली. काहीही असो, जे अनेकांपाशी असते ते एका डोहात बुडत नाही, हे खरे. जाणकारांचा नियमही हेच सांगतो. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. मात्र प्रत काढून डिस्क संगणकाला कायमची जोडून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकावणे होय. चोर तीही डिस्क कुलूपबंद करतो. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी. क्लाउडवर विसंबणाऱ्यांनी तेथे फायलींच्या जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात, हे पाहून घ्यावे. नपेक्षा बिघडलेली फाइल तेथेही चांगल्या फायलीची जागा घेईल. आणि केलेली प्रत खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून तपासावे.

जे कुटुंबाला लागू, तेच सरकारला. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनियंत्रण यंत्रणेचा नद्यांविषयीचा मजकूर अशाच खंडणीखोरांनी कुलूपबंद केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाचे संगणक ठप्प होऊन रुग्णांची नोंद बरेच दिवस कागदावर करावी लागली. पंचायती, नगरपालिका, शाळा आणि देवस्थाने यांच्या नोंदी आता संगणकावर गेल्या आहेत. त्यांची सुरक्षित दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची कधी तपासली, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे. तो त्यांनी विचारावा, असे आम्ही सुचवितो.

या साऱ्याला मोठे ज्ञान लागत नाही. एक डिस्क, महिन्यातील एक सकाळ आणि घरातील एखाद्या कॉलेजकुमाराची थोडी मदत एवढे पुरे. ज्या घराने एवढे केले, त्या घराला कुलूप घातले गेले तरी दरोडेखोराची मागणी धुडकावून नव्याने सुरुवात करता येईल. अशी घरे वाढत गेली तर या धंद्याची मिळकत आटेल. आणि मिळकत आटल्यावाचून तो थांबणार नाही.