भाट्ये हें नांव व अंध वाचक

जुनीं कागदपत्रें व नवी माहिती महाजालावर ठेवण्याचा प्रघात आतां सार्वत्रिक झाला आहे. परंतु तेथें ठेवलेला मजकूर सर्वांस वाचतां येतोच असें नाहीं. अंध मनुष्यास तो केव्हां वाचतां येतो व केव्हां नाहीं, हें एका ग्रामनामाच्या आधारें येथें स्पष्ट करावयाचें योजिलें आहे.

भाट्ये हें गांव रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदीच्या मुखापलीकडे आहे. तेथें इ. स. १९५५ मध्यें नारळ संशोधन केंद्र स्थापन झालें. तें आज दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे आहे. तेथील एका संकरित वाणास ‘कोकण भाट्ये कोकोनट हायब्रीड १’ असें नांव आहे. समजा, या वाणाच्या लागवडीचें पत्रक आम्हांस महाजालावर द्यावयाचें आहे. तें तीन प्रकारांनीं देतां येईल.

पहिला प्रकार छायाचित्राचा. चित्रांत डोळसास अक्षरें दिसतात. संगणकाजवळ मात्र केवळ रंगीत ठिपक्यांचा सांठा असतो. अंध वाचक स्क्रीन रीडर नांवाच्या साधनाकडून मजकूर उच्चारवून ऐकतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियांतील अंध गृहस्थानें इ. स. २००६ मध्यें आरंभिलेलें एनव्हीडीए हें असलें साधन विनामूल्य मिळतें व मराठीहि वाचतें. पण चित्रापाशीं त्यास उच्चारण्याजोगें कांहीं सांपडत नाहीं. चित्रांतील अक्षरें ओळखणारीं साधनें आज आहेत हें खरें. तथापि पुसट छाप व मोडी हस्ताक्षर यांच्या बाबतींत त्यांवर विसंबतां येत नाहीं.

दुसरा प्रकार जुन्या टंकांचा. त्यांत रोमन अक्षराच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेली असे. पडद्यावर ‘भाट्ये’ दिसे, आंत मात्र रोमन चिन्हें असत. साधन आकृति पाहत नाहीं, सांठा वाचतें. म्हणून श्रोत्याच्या कानीं निरर्थक ध्वनि पडतात.

तिसरा प्रकार युनिकोडचा. याची पहिली आवृत्ति इ. स. १९९१ मध्यें निघाली. यांत प्रत्येक चिन्हास स्वतःचा क्रमांक आहे. ‘भाट्ये’ म्हणजे भ, काना, ट, हलन्त, य व मात्रा अशीं सहा चिन्हें. भारतीय भाषांसाठीं इ. स. १९५१ मध्यें ठरलेल्या भारती ब्रेललिपींतहि या शब्दास सहाच घरें लागतात. फक्त हलन्ताचें चिन्ह ट च्या आधीं येतें. म्हणून असा मजकूर ऐकतांहि येतो व बोटांनीं वाचतांहि येतो.

अक्षरें शुद्ध असलीं म्हणजे कार्य संपलें असें नव्हे. मथळा केवळ ठळक न करितां मथळा म्हणून नोंदवावा. कोष्टकाच्या स्तंभांस शीर्षकें द्यावीं. चित्राचें वर्णन शब्दांनीं लिहावें. बहिऱ्यांसाठीं बोलपटास अक्षरी मजकूर जोडावा. ज्यांचा हात माउसवर स्थिर राहत नाहीं, त्यांस सर्व व्यवहार कळफलकावरून करितां यावा. या नियमांची पहिली आंतरराष्ट्रीय संहिता इ. स. १९९९ मध्यें प्रसिद्ध झाली, २.२ ही आवृत्ति इ. स. २०२३ ची आहे.

ही केवळ दयेची गोष्ट नाहीं. इ. स. २०११ च्या खानेसुमारींत दृष्टिविकल माणसें सुमारें ५० लक्ष नोंदलीं गेलीं. इ. स. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमानें इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम करविण्याचें कर्तव्य शासनावर घातलें आहे. ता. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें संगणकीय सेवांची सुगमता ही जीविताच्या हक्कांतच अंतर्भूत मानिली.

इतिहाससंशोधकांस यांतून घेण्याजोगा बोध उघड आहे. मूळ पत्राचें छायाचित्र हा पुरावा होय. तें ठेवलेंच पाहिजे. परंतु त्याच्या शेजारीं देवनागरी युनिकोडांत केलेलें लिप्यंतर नसेल, तर तें पत्र प्रसिद्ध होऊनहि अंध अभ्यासकापुरतें दप्तरांत बांधलेलेंच राहतें. तेव्हां लिप्यंतर हें प्रकाशनाचें अंग समजून छायाचित्राबरोबरच द्यावें, अशी आमची सूचना आहे.