उतरंडीचा खालचा घडा

ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे अनेक अनुप्रयोगांना डेटाबेसची जोडणी, संदेशवहन, सुरक्षा यांसारख्या समाईक सेवा पुरवणारी चौकट, ही एकसंध वस्तू नसते. ती एकमेकांवर टेकलेल्या भागांची उतरंड असते. अपाचीच्या छत्राखाली २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि २००६ च्या प्रारंभी १.० आवृत्तीपर्यंत पोचलेल्या जेरोनिमो या सर्व्हरमध्ये अशा भागाला 'कॉन्फिगरेशन' म्हणत. येथे कॉन्फिगरेशन म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या घटकांचा संच आणि त्यांना लागणारे जावा क्लास शोधून देणारा त्याचा स्वतःचा क्लासलोडर. आपण कोणत्या संचांवर उभे आहोत हे प्रत्येक संच स्वतःच नोंदवतो, आणि ज्यांच्यावर तो उभा असतो त्यांना त्याचे पालक म्हणतात.

चालू करण्याचा क्रम या नोंदीतूनच ठरतो: आधी पालक, मग अपत्य. बंद करण्याचे काम मात्र अधिक विचार मागते, आणि या यंत्रणेचे खरे कसब तेथेच दिसते.

हा फरक पाण्याच्या उपशाशी तुलना केल्यास स्पष्ट होतो. विंध्याच्या पायथ्याच्या निमाडातून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, १९७८ पासून नर्मदेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून इंदूरला चढवले जाते. अशा कोणत्याही साखळीत वरच्या पंपाला खालून आलेले पाणी लागते, म्हणून चालू करण्याचा क्रम सर्व्हरसारखाच असतो. पण वरचा पंप आधी थांबवून खालचा तसाच चालू ठेवला तर मधली टाकी भरून वाहू लागते, उलट खालचा आधी थांबला तरी साठलेल्या पाण्यावर वरचा काही काळ तग धरतो. सर्व्हरमधील संचांच्या मध्ये अशी टाकी नसते. डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणारा संच अचानक काढून घेतला, तर त्याच्यावर उभा असलेला अनुप्रयोग पुढच्याच मागणीला अपयशी ठरतो; म्हणून येथे अवलंबून असलेला संच आधी थांबतो आणि पालक त्यानंतर.

थांबवणे आणि उतरवणे यांतही भेद आहे. थांबवलेल्या संचाचा क्लासलोडर स्मृतीत राहतो, उतरवल्यावर तो टाकून दिला जातो. पालक नव्याने चढवला की त्याच नावाचा क्लासही जावाच्या दृष्टीने वेगळा ठरतो, त्यामुळे जुन्या क्लासला धरून बसलेले अपत्यही नव्याने चढवावे लागते.

सर्वांत नाजूक प्रश्न स्मरणाचा आहे. पालकाला 'पुन्हा सुरू कर' अशी एकच आज्ञा दिली, तर त्याच्यामुळे थांबलेली, आधी चालू असलेली अपत्ये कोणती हे व्यवस्थापक घटक लक्षात ठेवतो आणि पालकामागोमाग त्यांना उठवतो. तेच काम 'थांब' आणि 'चालू हो' अशा दोन सुट्या आज्ञांनी केले, तर दुसऱ्या आज्ञेला अपत्यांची आठवण नसते. पालक उभा राहतो, आणि अनुप्रयोग कोणीतरी हाताने चालू करीपर्यंत बंदच राहतो.