साताऱ्याचा पाऊस, लासलगावचा कांदा

सातारा लोकसभा मतदारसंघाने २०१९ या एकाच वर्षात दोनदा खासदार निवडला. मे महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेसचे उदयनराजे भोसले सव्वा लाखाच्या मताधिक्याने निवडून आले. सप्टेंबरमध्ये ते खासदारकी सोडून भाजपमध्ये गेले आणि २१ ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्याच मतदारांसमोर ८७ हजारांवर मतांनी पडले. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, भाजपच्याच तिकिटावर ते तिथूनच पुन्हा लोकसभेत गेले. माणूस तोच, छत्रपतींच्या घराण्याचा वारसा तोच, कॉलर उडवण्याची लकबही तीच.

मतदार नेत्याची प्रतिमा पाहून मत देतो की धोरण पाहून, हा वाद आपल्याकडे दर निवडणुकीत रंगतो. एक बाजू म्हणते, लोक चेहऱ्याला भुलतात. दुसरी म्हणते, लोक शहाणे आहेत, त्यांना सगळे कळते. साताऱ्यात ही दोन्ही उत्तरे अडखळतात. प्रतिमाच सर्वकाही असती तर राजे पडलेच नसते. आणि मे ते ऑक्टोबर या काळात साताऱ्यातल्या शेतकऱ्यासाठी कोणत्या पक्षाचे कोणते धोरण बदलले, असे विचारले तर सांगण्यासारखे फारसे काही नाही. कलम ३७० रद्द झाले होते आणि भाजपचा राज्यातला प्रचार बराचसा त्यावरच चालला होता. १७ ऑक्टोबरला खुद्द पंतप्रधानांची साताऱ्यात सभा झाली. म्हणजे राष्ट्रीय धोरण, राष्ट्रीय नेता आणि राजघराणे, तिन्ही एका बाजूला होती.

दुसऱ्या दिवशी, १८ ऑक्टोबरला, साताऱ्यातच शरद पवारांची सभा होती आणि ऐन भाषणात पाऊस आला. ७८ वर्षांचे पवार छत्री न घेता बोलत राहिले. ती चित्रफीत रात्रीतून राज्यभर फिरली. पावसाने निवडणूक फिरवली, ही दंतकथा तेव्हापासून रूढ आहे. तिच्यात तथ्य किती हे तपासण्याआधी अशा एका दृश्यातून मतदार नेमके काय उचलतो ते पाहू.

सामान्य मतदाराला धोरण तपासायला वेळ नसतो, आणि तपासून हाती फार लागते असेही नाही. जाहीरनामे येतात मतदानाच्या तोंडावर आणि वाचतात ते बहुधा पत्रकार. त्यातले कोणते आश्वासन पाळले जाईल हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिवाय पाच वर्षांत असे प्रश्न उभे राहतात ज्यांची जाहीरनाम्यात ओळही नसते. २०१९ च्या कोणत्याही जाहीरनाम्यात कोविड नव्हता. म्हणून मतदार वेगळा प्रश्न विचारतो: उद्या काय येईल ते माहीत नाही, पण जे येईल तेव्हा हा माणूस कसा वागेल? त्याचे उत्तर धोरणाच्या कागदात नसते. ते वागण्याच्या लहानसहान खुणांतून काढावे लागते.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल पॉपकिन यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात याचे एक मासलेवाईक उदाहरण घेतले आहे. १९७६ च्या प्रचारात अध्यक्ष जेराल्ड फोर्ड टेक्सासमध्ये गेले, तिथे त्यांना तामाले हा मेक्सिकन पदार्थ देण्यात आला. तो मक्याच्या सालीत वाफवतात आणि साल काढून खातात. फोर्ड यांनी सालीसकट चावा घेतला, म्हणजे कोणी पातोळी हळदीच्या पानासकट खावी तसा. लोक हसले. पण पॉपकिन यांचे म्हणणे असे की मेक्सिकन वंशाच्या मतदाराने त्यातून काढलेला निष्कर्ष मूर्खपणाचा नव्हता: ज्याला आमचे जेवण माहीत नाही, त्याचा आमच्याशी कितीसा संबंध आला असेल? फुकटात मिळालेली माहिती होती, ती त्याने वापरली.

साताऱ्याच्या सभेत अशीच माहिती होती, आणि निव्वळ पावसाची नव्हती. त्या भाषणात पवारांनी लोकसभेला उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली, असे कबूल केले आणि ती दुरुस्त करण्याची संधी २१ तारखेला आहे, असे सांगितले. त्याआधीच्या काही आठवड्यांत त्यांच्या पक्षातून मोठमोठी घराणी एकामागून एक बाहेर पडली होती. सप्टेंबरअखेर ईडीचे प्रकरण निघाले तेव्हा ‘मीच येतो’ म्हणून त्यांनी ते अंगावर घेतले होते. या पार्श्वभूमीवर भिजणारा म्हातारा नेता दिसला तेव्हा लोकांनी त्यातून ‘हा पळणारा नाही’ एवढे वाचले. समोरच्या उमेदवाराने चार महिन्यांत पक्ष बदलला होता, म्हणून त्या वाचनाला धार आली. हेच दृश्य एखाद्या निवांत निवडणुकीत घडले असते तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला असता आणि विषय संपला असता. माझ्या मते पावसाने नवे काही सांगितले नाही. लोकांच्या मनात साचलेल्या गोष्टीला त्याने चित्र पुरवले.

आता दंतकथा तपासू. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर विधानसभेचेही मतदान होते. सातारा लोकसभेखाली विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा. मतदार एकाच फेरीत दोन बटणे दाबून बाहेर पडत होता. लोकसभेला राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील मोठ्या फरकाने जिंकले. माजी सनदी अधिकारी, सिक्कीमचे माजी राज्यपाल आणि पवारांचे कॉलेजपासूनचे मित्र. पण विधानसभेच्या सहापैकी तीनच जागा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीकडे गेल्या. पाटणला शिवसेनेचे शंभूराज देसाई आले. कोरेगावात राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे पडले. पाऊस त्यांच्याही मतदारांनी पाहिला होता.

सर्वांत बोलका निकाल सातारा विधानसभेचा. तिथे भाजपचे उमेदवार होते शिवेंद्रसिंहराजे भोसले, उदयनराजेंचे चुलत बंधू. घराणे तेच. तेही राष्ट्रवादी सोडून त्याच वर्षी भाजपमध्ये आलेले. ते आरामात निवडून आले. पक्षांतराची चीड हे एकमेव कारण असते तर दोघेही पडायला हवे होते. राजघराण्याचे वलय पुरेसे असते तर दोघेही यायला हवे होते. हजारो मतदारांनी एका भोसल्यांना नाकारून दुसऱ्या भोसल्यांना मत दिले, तेही काही सेकंदांच्या अंतराने.

याची उकल प्रतिमा विरुद्ध धोरण या जोडीत होत नाही. इथे तिसरी गोष्ट येते, जिला गावाकडे कुणी धोरण म्हणत नाही आणि प्रतिमाही म्हणत नाही. सातबाऱ्यावरची नोंद, ट्रान्सफॉर्मर जळला तर महावितरणला फोन, मुलाला कॉलेजात प्रवेश, उसाची वेळेवर तोड. आमदाराकडे लोक या कामांसाठी जातात. शिवेंद्रसिंहराजेंच्या मागे वडील अभयसिंहराजेंपासून चालत आलेला अजिंक्यतारा सहकारी साखर कारखाना आणि त्याभोवतीचे संस्थांचे जाळे आहे. ज्याचा ऊस तिथे जातो, त्याच्या दृष्टीने आमदार हा रोजच्या व्यवहारातला माणूस असतो. खासदाराचे तसे नसते. तो दिल्लीत असतो, त्याच्याशी संबंध दुरून येतो, म्हणून त्याला लोक जास्त प्रमाणात चित्रावरून जोखतात. पद जितके दूर, तितका प्रतिमेचा वाटा मोठा. जवळच्या पदाला काम झाकता येत नाही.

मग धोरण कुठेच नसते? असते, आणि कधीकधी ते सगळ्या प्रतिमांवर नांगर फिरवते. त्यासाठी साताऱ्याहून उत्तरेला, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी मतदारसंघात जावे लागेल. लासलगावची कांद्याची बाजारपेठ याच मतदारसंघात येते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. शहरात भाव वाढू नयेत हा हेतू. वेळ मात्र अशी की बाजारात लाल कांदा येत होता. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. भाव पडला तरी विकावाच लागतो. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. मार्चअखेर संपायची बंदी पुढे वाढली. त्यात एप्रिलमध्ये प्रामुख्याने गुजरातच्या पांढऱ्या कांद्यासाठी दोन हजार टनांच्या निर्यातीची परवानगी निघाली. ४ मे रोजी बंदी उठली, पण ४० टक्के निर्यातशुल्क राहिले. दिंडोरीचे मतदान होते २० मे रोजी.

भाजपच्या उमेदवार डॉ. भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या. त्यांच्यासमोर राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाने दिलेले भास्कर भगरे हे साधे शिक्षक. नाव, पद, दिल्लीतले वजन यांची तुलनाच नव्हती. भगरे लाखाहून अधिक मतांनी जिंकले.

कांद्याचे धोरण मतपेटीपर्यंत पोहोचले, कारण त्याचा मार्ग आखूड होता. आदेश कुणी काढला ते स्पष्ट होते. नुकसान क्विंटलमागे रुपयांत मोजता येत होते. आणि ते झाले ते नुकतेच, मतदानाच्या हंगामात. यातला एक दुवा जरी निसटला तरी धोरण हवेत विरते. मुंबईत त्याच बंदीमुळे कांद्याचा भाव आटोक्यात राहिला, पण त्याबद्दल सरकारला धन्यवाद देणारे मत कुणी दिल्याचे ऐकिवात नाही. पिशवीमागे पाच-दहा रुपये वाचले ते शहरी ग्राहकाला दिसतही नाहीत. तोटा थोड्यांच्या अंगावर पडला, फायदा सगळ्यांत वाटला गेला, आणि मत ठरवले ते तोट्याने.

भगरेंच्या विजयाला एक शेपूट आहे. दिंडोरीत भगरे याच आडनावाचा एक अपक्ष उभा होता. त्याचे चिन्ह तुतारी, तर पवार गटाचे ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मते पडली. साताऱ्यात त्याच निवडणुकीत पवार गटाचे शशिकांत शिंदे उदयनराजेंकडून बत्तीस हजारांवर मतांनी हरले, आणि तुतारी चिन्ह मिळालेल्या अपक्षाला तिथे ३७ हजारांवर मते होती. ती सगळी मते चुकूनच गेली असे सिद्ध करता येणार नाही. पण राग कितीही विचारपूर्वक असला, तरी बटण दाबताना मतदार नाव आणि चित्र शोधतो, एवढे त्यातून दिसते. मतदान यंत्रावर उमेदवारांचे फोटो असूनही असे घडले.

चेहऱ्याचा प्रभाव मोजण्याचे प्रयोगही झालेत. प्रिन्स्टनच्या अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००५ मध्ये लोकांना अमेरिकी उमेदवारांचे अनोळखी चेहरे क्षणभर दाखवून यातला कर्तबगार कोण वाटतो, असे विचारले. जवळपास ७० टक्के लढतींत कर्तबगार वाटलेलाच प्रत्यक्षात जिंकलेला निघाला. हे ऐकून निराश होण्याआधी बर्कलीच्या गॅब्रिएल लेन्झ यांचे काम पाहावे. त्याच मतदारांना काही काळाने पुन्हा विचारून त्यांनी तपासले की आधी काय बदलते, धोरणावरचे मत की नेत्याची निवड. बहुतेकदा नेता आधी ठरतो आणि धोरणावरचे मत त्याच्या मागून जुळवून घेतले जाते. मात्र नेत्याची कामगिरी, विशेषतः अर्थव्यवस्था, याला मतदार थेट दाद देतात किंवा शिक्षा करतात. महाराष्ट्राने २०१९ नंतर जी आघाड्यांची उलथापालथ पाहिली, तिच्यात हे रोज दिसत होते. कालपर्यंत ज्या भूमिकेला शिव्या घातल्या, तिचे समर्थन तोच कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी तितक्याच तावातावाने करत होता. आणि दिंडोरीच्या शेतकऱ्याने जे केले ते लेन्झ यांच्या दुसऱ्या निष्कर्षात बसते.

राजकारणी हे सगळे अभ्यासकांच्या आधीपासून जाणतात. म्हणून हुशार नेता दोहोंत निवड करत बसत नाही, धोरणालाच चेहरा लावतो. जून २०२४ मध्ये, लोकसभेत राज्यातल्या ४८ पैकी १७ जागांवर आलेल्या सत्ताधारी महायुतीने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आणली. मध्य प्रदेशात तिचे आधीचे रूप यशस्वी ठरले होते. महिना १,५०० रुपये, थेट खात्यात, आणि पहिले दोन हप्ते ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमारास. नावातच मुख्यमंत्री, नात्यातच भाऊ. अजित पवारांनी तर गुलाबी जाकिटे घालून यात्रा काढली. कायम करड्या शिस्तीचे, तोडून बोलणारे म्हणून ओळखले जाणारे दादा गुलाबी रंगात पाहून अनेकांना हसू आले, पण तो बदल योजनेच्या लाभार्थीकडे पाहून केलेला होता.

विरोधकांनी उत्तरादाखल महिना ३,००० रुपयांची महालक्ष्मी योजना जाहीर केली. मतदार निव्वळ धोरणे तोलत असता तर दुप्पट रक्कम जड भरायला हवी होती. नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. इतक्या मोठ्या निकालाला एकच कारण कधी नसते, तरी या दोन रकमांची तुलना शिकण्यासारखी आहे. १,५०० रुपये पासबुकात दिसत होते, ३,००० भाषणात होते. ते मिळतील का, हे देणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून, आणि शब्द हा माणसाचा असतो. धोरणाचा आकडा कितीही मोठा असो, त्याला मतदार आधी देणाऱ्याच्या विश्वासार्हतेने गुणतो. तिथे प्रतिमा आणि धोरण वेगळे काढता येत नाहीत.

महायुतीनेही प्रचारात २,१०० रुपयांचे आश्वासन दिले होते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ती वाढ आली नाही, आणि पुढे लाभार्थींची छाननी सुरू झाली. ज्या बाईला दर महिन्याला १,५०० येतात, तिच्यासाठी ते एव्हाना भावाची भेट राहिलेले नाहीत, हक्काचे झाले आहेत. आता तिच्या हिशेबात न आलेले ६०० असतात, आणि छाननीत नाव गेलेल्या शेजारणीचे १,५००.