कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

मागच्या व्याख्यानात आपण व्याप्ती पाहिली. जिथे धूर, तिथे अग्नी. पण उलट चालत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपणही लागतं. नैयायिक या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. आज हीच गोष्ट गॅरेजमध्ये बघू या.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची बस घ्या. गिअर बदलायला तेलाचा दाब योग्य वाटेनं जावा लागतो. ती वाट सोलेनॉइड उघडतो आणि बंद करतो. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची कॉइल आणि तिच्या चुंबकत्वानं सरकणारा व्हॉल्व्ह. संगणक कॉइलमध्ये प्रवाह सोडतो आणि तो नीट गेला का, तेही तपासतो. नाही गेला, तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी बहुधा एकाच गिअरला अडकते.

आता स्कॅनर लावला. जड वाहनांच्या जे-१९३९ पद्धतीत एफएमआय ५ दिसला, म्हणजे प्रवाह कमी किंवा सर्किट तुटलेलं. एफएमआय ६ म्हणजे प्रवाह जास्त किंवा वायर बॉडीला टेकलेली. मेस्त्री म्हणतो, "सोलेनॉइड गेला." इथेच घसरलो! कॉइल तुटली की कोड ५ येतो, हे खरं. पण कोड ५ आला म्हणून कॉइलच तुटली, हे अग्नी बघून धूर ठरवण्यासारखं झालं. कोड सर्किटचं नाव घेतो, सुट्या भागाचं नाही. त्या सर्किटमध्ये वायर आहे, कनेक्टर आहे, गंजलेली पिन आहे.

मग करायचं काय? चावी बंद. संगणकाकडचा कनेक्टर काढा आणि वायरिंगच्या बाजूनं रोध मोजा. मग गिअरबॉक्सजवळचा कनेक्टर काढून आतल्या बाजूचा मोजा. पहिला चुकीचा आणि दुसरा बरोबर, तर दोष मधल्या वायरिंगमध्ये. गिअरबॉक्सला हात लावायचा नाही. दुसराही चुकीचा, तर दोष आत, पण तिथेही आतली वायर की कॉइल, हे तेलाचा पॅन उतरवूनच कळतं. पिन आणि बॉडी यांच्यात जोडणी दिसली, तर कुठेतरी वायर घासलेली असू शकते. दोन्ही आकडे बरोबर आले, तर वायर हलवून बघा आणि गाडी गरम असताना पुन्हा मोजा.

तापमान विसरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना १० ओहम असलेली चांगली कॉइल १०० अंशांना सुमारे १३ ओहम दाखवते. तो दोष नव्हे. म्हणून कंपनीचा आकडा कोणत्या तापमानाचा, ते आधी वाचायचं.

आत एकसारखे दोन सोलेनॉइड असतील, तर अदलाबदल करा. दोष सोलेनॉइडबरोबर सरकला, तर तोच दोषी. जागेवरच राहिला, तर वायर. यालाच आपण अन्वय-व्यतिरेक म्हणतो.

आणि उलटही लक्षात ठेवा. रोध अगदी बरोबर, तरी कचऱ्यानं व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. मल्टिमीटर कॉइल मोजतो, व्हॉल्व्हची हालचाल नाही.

हा नुसता तर्काचा खेळ नाही. अंदाजानं भाग बदलला, की मालकाचे पैसे जातात, दोष तसाच राहतो आणि गाडी पुन्हा प्रवाशांसकट रस्त्यात अडकते. अनुमान नीट करणं हा प्रामाणिकपणाचाच भाग आहे. आता प्रश्न घेऊ या.