डबा तोच, किंमत वेगळी : जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी-संचांचं गणित

मागच्या व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. वडील गेले, कपाटात जुन्या चित्रपटांच्या दोन-अडीचशे डीव्हीडी, आणि महिनाअखेर घर रिकामं करायचंय. म्हणाल्या, "सर, रद्दीवाला घाऊक न्यायला तयार आहे. देऊन टाकू?" मी म्हटलं, आठ दिवस थांबा. का थांबा म्हटलं, तेच आज सांगतो.

तुम्हाला मोजर बेअर आठवत असेल. या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली होती. आता दुसरीकडे बघा. अमेरिकेतल्या क्रायटेरियन कलेक्शनने २००९ साली अकिरा कुरोसावाच्या २५ चित्रपटांचा संच काढला, छापील किंमत ३९९ डॉलर. चकती दोन्हीकडे तीच, १२ सेंटिमीटरची. म्हणजे आपण प्लास्टिकचे पैसे देतच नाही. आणि गंमत अशी, की भागाकार केलात तर चित्रपटामागे सोळा डॉलर पडतात, सुट्या डीव्हीडीपेक्षा कमीच.

मग पैसे कशाचे? हक्कांचे, आणि प्रत नीट करण्याचे. सत्यजित राय यांची अपू-त्रयी घ्या. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली, त्यात मूळ निगेटिव्ह होरपळल्या. कुणीही कचऱ्यात टाकल्या असत्या अशी अवस्था. पण ऑस्करवाल्या अकादमीने ते तुकडे जपून ठेवले. पुढे इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत हातांनी, इंचाइंचाने ते दुरुस्त झाले. जेवढं वाचलं तेवढं मूळ निगेटिव्हमधून घेतलं, उरलेलं इतर प्रतींवरून. २०१५ मध्ये हे काम लोकांपुढे आलं आणि त्याच वर्षी संचही निघाला. त्याच्या किमतीत हे सगळं आहे.

ही झाली नव्या मालाची गोष्ट. जुन्या बाजारात मात्र हे कष्ट कुणी मोजत नाही, बरं का. तिथे एकच प्रश्न : ही प्रत पुन्हा निघणार आहे का? पासोलिनीच्या 'सालो'ची डीव्हीडी क्रायटेरियनने १९९८ मध्ये काढली आणि ती लवकरच बंद पडली. पुढे दहा वर्षं ती शेकडो डॉलरला जात होती, नकली प्रतीसुद्धा निघाल्या. २००८ मध्ये नवी आवृत्ती आली आणि तो भाव उतरला. चित्रपट तोच, फक्त टंचाई संपली. ज्याने आदल्या महिन्यात घेतली असेल, त्याचं काय झालं असेल बघा! (हशा)

दुसरा घाव तंत्रज्ञानाचा. अमेरिकी डीव्हीडीचं चित्र ४८० ओळींचं, ब्लू-रेचं १०८०. चांगली ब्लू-रे आली की त्याच चित्रपटाची डीव्हीडी बहुधा उतरतेच. टिकतात त्या फक्त ज्यांच्यावरचा माल दुसरीकडे नाही : एखादी मुलाखत, जाणकाराचं सोबतचं भाष्य, वेगळी लांबी.

म्हणून त्या बाईंना सांगितलं, आधी डबे उघडा. आतली पुस्तिका आहे का? चकती उजेडासमोर धरा. ठिपके, ढगाळ डाग दिसले तर ती बाजूला. मग विभाग-क्रमांक बघा. भारताचा ५, अमेरिकेचा १. इथल्या साध्या प्लेअरवर अमेरिकी चकती अडू शकते, म्हणून इथलं गिऱ्हाईक कमी. आणि इंटरनेटवर विक्रेता मागतोय तो आकडा धरू नका, प्रत्यक्ष विक्री कितीला झाली ते बघा. मागायला काय, कुणीही काहीही मागतो.

आठवड्याने त्यांचा फोन आला. विकण्याजोगे चार संच निघाले, एकाची पुस्तिका गायब होती. बाकीच्या एका वाचनालयाला दिल्या. प्रभातचा 'संत तुकाराम' तेवढा घरी ठेवलाय. त्याला बाजारात फारसा भाव येणार नाही, हे त्यांना मी सांगितलं होतं.