नाव बुडणे आणि नाव उलटणे

नाव बुडणे आणि नाव उलटणे या दोन गोष्टी बोलण्यात एकच मानल्या जातात. त्या एक नव्हेत. बुडणारी नाव पाणी आत शिरून जड होते. उलटणाऱ्या नावेत प्रारंभी थेंबभर पाणीही नसेल. तिचा तोल तेवढा गेलेला असतो.

नावेचा सारा भार ज्या बिंदूतून खाली ओढतो त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. पाणी तिला ज्या बिंदूतून वर उचलते तो उत्प्लावनमध्य. नाव कलली की त्या अंगाचा अधिक भाग पाण्यात जातो आणि उचलणारा बिंदूही तिकडे सरकून तिला पुन्हा सरळ करतो. डुलणे हा नावेचा धर्मच आहे. परंतु भार उंचावर असला, किंवा कललेल्या बाजूसच धावला, तर हे सावरणारे बळ अपुरे पडते. माणसे हा असा धावणारा भार होय. तांडेल खाली बसा म्हणून ओरडतो तो याच कारणाने; उतारूंना मात्र तो उर्मटपणा वाटतो.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट अशीच उलटली. भर पावसाळ्यात लाटेने ती कलली, भयभीत उतारू एका बाजूस लोटले, आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

कोकणातील मच्छीमार अरुंद होडीस आडव्या दांड्यांनी लाकडी उलांडी जोडतो. होडी त्या अंगास कलली तर पाणी उलांडीस वर लोटते. विरुद्ध अंगास कलली तर उलांडीचे वजन होडीस मागे ओढते. एवढे करूनही लाकडी होडी उलटलीच, तर ती सहसा तरंगत राहते. तिला धरून राहणारा शोधणाऱ्यांस दुरून दिसतो. पोहत निघालेल्याचे केवळ डोके दिसते.