अठरावा वाढदिवस आणि कूपनावरची जन्मतारीख

साताऱ्यातल्या व्याख्यानानंतर एक ताई भेटायला आल्या. म्हणाल्या, "सर, पोरगीला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली आणि कर्जाचे, क्रेडिट कार्डाचे, गाडीच्या हप्त्याचे फोन सुरू झाले. यांना वाढदिवस सांगितला कुणी?" आज सांगलीत तिथूनच सुरुवात करतो.

बऱ्याचदा आपणच सांगितलेला असतो. दिवाळीत कापड दुकानात लकी ड्रॉचं कूपन भरतो. बारावीनंतर करिअर मेळाव्यात टेबलावरच्या वहीत लिहून येतो. नाव, मोबाईल, जन्मतारीख. बक्षीस लागलं तर कळवायला मोबाईल हवा, ठीक आहे. जन्मतारीख कशाला? कारण अज्ञान मुलाशी केलेला करार आपल्याकडे कायद्याने टिकत नाही. कर्ज, कार्ड विकता येतं ते अठरा पूर्ण झाल्यावरच. म्हणजे सतराव्या वर्षी भरलेलं कूपन ही त्यांची मुदत ठेव, वाढदिवसाला पिकणारी! (हशा) मतदार यादीतही वय असतं, यादी उघडी असते, पण तिच्यात मोबाईल नंबर नसतो. नाव, वय आणि नंबर यांची गाठ आपण मारून देतो.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्यांना बालक मानतो. पालकांची खातरजमा केलेली संमती हवी, मुलांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मात्र या मुख्य तरतुदींना तिथून १८ महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे मे २०२७. आणि अठरा पूर्ण झाली की मुलांसाठीचं हे खास संरक्षण संपतं. पुढे तुमची स्वतःची संमती चालते.

मग आजच्या आज काय करायचं? १९०९ ला फोन करून जाहिरातींचे कॉल बंद करायला सांगा. इथे दोन गोष्टी लोक विसरतात. एक, नोंद नंबरची होते, माणसाची नाही. अठराच्या आत सिम मिळत नाही, म्हणून पोरांचे नंबर वडिलांच्या नावावर असतात. वडिलांनी स्वतःच्या फोनवरून नोंद केली म्हणून पोरीचा नंबर बंद होत नाही. तिच्या फोनवरूनच करायची. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही एखाद्या कंपनीला स्वतंत्र संमती दिली असेल, तर तिच्यापुढे १९०९ ची नोंद चालत नाही. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरातली ती चौकट असते ना, 'ऑफर्स कळवाव्यात', ती आधीच टिक केलेली असते. ती काढा. जन्मतारखेची जागा कोरी सोडा. कूपन घेत नाही म्हणाले, तर बक्षीस त्यांनाच ठेवू दे.

ताईंनी शेवटी विचारलं, "पण जे भरून बसलोय त्याचं?" नव्या कायद्यात संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे, असं लिहिलंय. तोवर नको असलेला फोन आला की नंबर, तारीख आणि तो काय म्हणाला, हे टिपून सात दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करायची.